एफ कॉर्ड आणि इतर प्रलंबित कामं

मी मूळचा मिरजेचा. चेन्नईत हे मी फारसं सांगत नाही. ज्याला मिरज माहीत नाही त्याला सांगून उपयोग नसतो आणि ज्याला माहीत आहे तो लगेच विचारतो, "मग तुम्ही तंबोरा वाजवत असाल?" सतारमेकर गल्ली आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. मंगळवेढ्याकडून आलेले भोपळे वळचणीला टांगलेले बघत मी शाळेत जायचो. अशा गावचा मुलगा गिटार शिकतोय म्हटल्यावर वडील फोनवर बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "बरं. नोकरी चालू आहे ना?"

त्यांचंही चूक नाही. मिरजेतून सुरांसाठी मद्रासला गेलेला माणूस म्हटलं की गावात एकच नाव घेतलं जातं, अब्दुल करीम खाँसाहेबांचं. १९३७ च्या ऑक्टोबरात मद्रासचा मुक्काम आटोपून ते पाँडिचेरीला निघाले होते. वाटेत सिंगपेरुमाळ कोविल स्टेशनावर त्यांनी देह ठेवला आणि मिरजेच्या दर्ग्यात त्यांना माती मिळाली. चेंगलपट्टूच्या लोकलनं जाताना ते स्टेशन आलं की मी गिटारची पिशवी गुपचूप पायांमागे सरकवतो.

आता ही गिटार आली कुठून, तर ऑर्कुटमुळे. २००६ साली तरमणीच्या टायडेल पार्ककडच्या एका कंपनीत मी रुजू झालो तेव्हा ऑर्कुट ऐन भरात होतं. प्रोफाइलमध्ये आवडीनिवडीचा रकाना असायचा. तो रिकामा बरा दिसेना, म्हणून 'गिटार' असं टाकून दिलं. शाळेतल्या एका मित्रानं तेवढ्यावर माझ्यासाठी टेस्टिमोनियल लिहिलं, की मी फार संवेदनशील कलावंत आहे. गिटार त्यानंतर वर्षभरानं आली. एक सहकारी ऑनसाइटला निघाला होता आणि बिऱ्हाड विकत होता. मी गॅसची शेगडी घेतली, गिटार तिच्यावर फुकट मिळाली. शेगडी अजून उत्तम चालते.

पेशानं प्रोग्रॅमर असल्यामुळे कुठलीही गोष्ट शिकायची म्हणजे आधी ती शिकण्याची व्यवस्था उभी करायची, अशी मला खोड आहे. त्या वेळी व्यवस्थांना तोटा नव्हता. दर पंधरवड्याला एक नवी सोशल सेवा निघायची आणि आम्ही कँटीनमध्ये डबा उघडायच्या आधी तिच्यावर खातं उघडायचो. डिलिशस नावाची एक सेवा होती. इंटरनेटवर सापडलेली लिंक तिथे ठेवायची, तिला टॅग लावायचा आणि ते चारचौघांना दिसू द्यायचं. माझ्याकडे 'गिटार' या टॅगखाली तीनशे चाळीस लिंका होत्या. 'एफ कॉर्ड सोपा कसा करावा' या एकाच विषयावर सत्तावीस. सगळ्यांवर आणखी एक टॅग होता, 'नंतर वाचू'. याहूनं ते दुकान २००५ च्या अखेरीस विकत घेतलं होतं. पुढे ते या हातातून त्या हातात जात राहिलं आणि २०१७ साली पिनबोर्ड चालवणाऱ्या एकट्या माणसानं ते घेऊन बंद करून ठेवलं. माझं 'नंतर' तिथेच कुठेतरी पडून आहे.

फ्रेंडफीडची गंमत वेगळी होती. तुम्ही इंटरनेटवर जिथे जिथे जे काही कराल ते तिथे एकत्र गोळा व्हायचं. मी ट्विटरच्या एकशेचाळीस अक्षरांत 'आज सराव केला' असं लिहिलं की ते पाच ठिकाणी उमटायचं. सराव एकदाच झालेला असायचा, तोही अर्धा. गूगल वेव्ह आलं तेव्हा निमंत्रणासाठी मी आठवडाभर लोकांच्या विनवण्या केल्या. आत गेलो तर आत मी होतो आणि ज्याला विनवलं तो होता. आमची टेबलं शेजारीशेजारी होती. पुढच्या ऑगस्टमध्ये गूगलनंच त्याचं काम थांबवलं. बझही आलं नि गेलं, रीडर २०१३ मध्ये गेलं, ऑर्कुट २०१४ च्या सप्टेंबरात, फ्रेंडफीड २०१५ मध्ये. गूगल प्लस आलं कधी हे कळायच्या आत गेलं. प्रत्येक ठिकाणी माझी शेवटची नोंद साधारण एकच होती: 'एफ कॉर्ड अजून बसत नाही.'

एफ कॉर्डविषयी दोन शब्द सांगायलाच हवेत. बाकीच्या सुरुवातीच्या कॉर्डना दोन-तीन बोटं कशीबशी ठेवली की भागतं. एफला पहिलं बोट आडवं करून पहिल्याच पट्टीवर सहाच्या सहा तारा दाबायच्या असतात आणि उरलेल्या तीन बोटांनी वेगळाच संसार करायचा असतो. आमच्या भाषेत सांगायचं तर हा शंभर टक्के रिप्रोड्यूस होणारा बग आहे. दर वेळी, त्याच जागी, तोच 'थप्प' असा आवाज.

फ्लिकर काढणारी मंडळी मुळात एक ऑनलाइन खेळ बनवत होती. खेळ फसला, त्यातली फोटो चिकटवायची सोय तेवढी तगली. त्यांच्यातल्याच स्टुअर्ट बटरफील्डनं पुढे दुसरा खेळ काढला, तोही फसला आणि त्यातून स्लॅक निघालं. मी गिटार शिकायला निघालो आणि त्यातून गिटारविषयीच्या टिपणांची एक फाइल निघाली. परंपरा मोठी आहे. फाइलचं नाव 'गिटार नोट्स फायनल दोन' असं आहे.

शेवटी अड्यारमध्ये रीतसर क्लास लावला. वर्गात मी सोडून सगळे चौथी-पाचवीतले. शिक्षक वयानं माझ्याहून लहान. ते मला 'सार' म्हणतात, मी त्यांना 'सर' म्हणतो. एका कान्यापुरती गुरु-शिष्य परंपरा. पहिल्या शनिवारी त्यांनी गृहपाठ वाजवायला सांगितला. मी वाजवला. खोलीत शांतता पसरली. माझ्या तोंडून निघून गेलं, "घरी वाजत होतं, सर." ऑफिसात ज्युनिअर पोरं "माझ्या मशीनवर चालत होतं" म्हणतात तेव्हा मी त्यांच्याकडे ज्या नजरेनं बघतो, तीच नजर मला त्या दिवशी समोरून दिसली. मग सर म्हणाले, "परवाइल्लै, सार."

परवाइल्लै हा तमिळमधला अत्यंत धोकादायक शब्द आहे. त्याचा अर्थ 'असू दे' असा होतो, 'चालायचंच' असा होतो, आणि 'वाटलं होतं त्यापेक्षा बरं आहे की' असाही होतो. स्वरावरून ओळखायचं. मला स्वरच ओळखता येत नाहीत म्हणून तर मी तिथे गेलो होतो.

सरांनी विचारलं, कुठलं गाणं वाजवायचंय. मी अर्थातच 'नीले नीले अंबर पर' म्हणालो. महाराष्ट्रात गिटार घेणारा प्रत्येक जण तेच म्हणतो. सरांचा चेहरा पडला. पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. पुढच्या बाकावरच्या नऊ वर्षांच्या मुलीनं मला समजावलं, की अंकल, ते 'इळय निला' आहे, राजा सारांचं. इळैयराजांनी ते १९८२ च्या तमिळ चित्रपटासाठी केलं आणि हिंदीत 'कलाकार'मध्ये ते पुढच्या वर्षी आलं. मूळ चित्रपटाचं नाव 'पयणंगळ मुडिवदिल्लै', म्हणजे प्रवास संपत नाहीत. माझ्या प्रगतीचा अंदाज घेऊनच ठेवल्यासारखं. त्या दिवसापासून मी 'इळय निला' शिकतो आहे. 'इळय' झालंय.

खरा घोटाळा झाला तो आवाजाचा. आम्ही तिरुवान्मियूरला राहतो. समुद्र चालत दहा मिनिटांवर आहे, हे घरभाड्यात धरलेलं असतं. गिटारच्या तारा तीन आठवड्यांत गंजतात, हे धरलेलं नसतं. दमट हवेनं लाकूडही रुसतं. एकदा पावसाळ्यानंतर गिटार हातात घेतली तर जाड तारेतून एक छान झणझणीत, लांबत जाणारा नाद यायला लागला. मी हरखलो. ही तर जवारी! मिरजेत या नादासाठी कारागीर घोडीवर तासन्‌तास कानस फिरवतो. तारेखाली सुताचा धागा सरकवतो, कान लावतो, पुन्हा घासतो. गिऱ्हाईक त्याचे वेगळे पैसे मोजतं. माझ्या गिटारीला ती फुकट लागली होती. शनिवारी मी मोठ्या अभिमानानं सरांना ऐकवली. ते म्हणाले, "सार, हा बझ आहे. तार पट्टीला घासतेय. दुरुस्तीला टाका." या वेळी परवाइल्लैसुद्धा म्हणाले नाहीत.

मी दुरुस्तीला टाकली नाही. गावाशी काहीतरी इमान राहू दे.

आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या मामी पोरांना कर्नाटक संगीत शिकवतात. रोज संध्याकाळी मायामाळवगौळ, म्हणजे आपला भैरव, भिंतीतून आमच्याकडे येतो. माझा एफ कॉर्डही त्यांच्याकडे जात असणारच. त्यांनी तक्रार कधी केली नाही. एकदा जिन्यात भेटल्या तेव्हा इतकंच म्हणाल्या, "तिसरी तार उतरली आहे. मंगळवारपासून." मी ओशाळून म्हटलं, मामी, हे आपलं परदेशी वाद्य, तुमच्या रियाझात व्यत्यय येत असेल. त्यावर त्या म्हणाल्या, व्हायोलिनही परदेशीच होतं. बालुस्वामी दीक्षितारांनी ते उचललं त्याला दोनशे वर्षं झाली, आता त्याच्यावाचून कच्चेरी, म्हणजे मैफल, होत नाही. "तुम्हालाही वेळ आहे, तंबी."

२०२५ च्या नवरात्रात मामींकडून गोलूचं बोलावणं आलं. पायऱ्यापायऱ्यांवर बाहुल्या मांडलेल्या असतात. भेटायला येणाऱ्यानं देवीसमोर एखादं गाणं म्हणायचं असतं आणि जाताना सुंडलचा द्रोण न्यायचा असतो. बायको म्हणाली, मी जाते, तुम्ही सुंडल घरीच खा. पण मामींनी निरोप धाडला होता, गिटारसकट या.

गेलो. हॉलमध्ये पंचवीस-तीस माणसं होती. मी 'इळय'ची तयारी करून होतो. मामींनी गिटारकडे बघून विचारलं, "अभंग येतो ना?" चेन्नईत मराठी माणसाला अभंग यायलाच हवा अशी पक्की समजूत आहे. अरुणा साईराम यांच्या मैफलीत शेवटाकडे अभंग आला की इथली सभागृहं कशी डोलतात ते मी पाहिलंय, त्यामुळे नाही म्हणवेना. मी सुरुवात केली. ध्रुपदापुढे मला शब्द आठवेनात. मामींना चारही कडवी पाठ होती आणि त्यांचा 'ळ' माझ्यापेक्षा स्वच्छ होता. मला थांबवून त्या म्हणाल्या, तुम्ही गाऊ नका. डाव्या हातानं काही करू नका. फक्त सूर धरा, माझा स्वर पाच कट्टै.

पाच कट्टै म्हणजे आपली पांढरी पाच. मी सहावी तार उतरवून पंचमावर आणली, पाचवी उतरवून षड्जावर. पुढच्या दोन तशाही पंचम आणि षड्जच होत्या. डावा हात मांडीवर ठेवला. एफ कॉर्डचा प्रश्न अठरा वर्षांत पहिल्यांदा निघालाच नाही. सैल झालेल्या तारा पट्ट्यांना घासून अशा काही झणझणायला लागल्या की बझ चौपट झाला. मामींनी एकदा माझ्याकडे वळून पाहिलं आणि मान हलवली. तमिळ मान हलवण्याचेही परवाइल्लैसारखेच तीन अर्थ होतात. मग त्यांनी डोळे मिटले आणि गायला लागल्या. मी एका बोटानं चार तारा छेडत बसलो, मिरजेतल्या पोरांना सातव्या वर्षी जे येतं ते.

मामींच्या क्लासमधल्या एका मुलीनं त्याचा व्हिडिओ काढला. त्याच आठवड्यात झोहोच्या अरट्टै या ॲपची लाट आली होती. अरट्टै म्हणजे तमिळमध्ये गप्पा. आमच्या सोसायटीनंही सगळ्या गप्पा अरट्टैवर हलवायचा ठराव व्हॉट्सॲपवर मंजूर केला होता. त्यामुळे व्हिडिओ दोन्हीकडे पडला. मी सुंडल खात रात्री साडेअकरापर्यंत दोन्ही ग्रुप उघडून बसलो. मामींना नमस्कार, फुलं, नमस्कार, फुलं. व्हिडिओच्या चौकटीत माझा गुडघा आणि गिटारचा कोपरा तेवढा आला होता. माझ्याविषयी कुणी चकार शब्द काढत नव्हतं.

पावणेबाराला चौथ्या मजल्यावरच्या मामांनी लिहिलं, मागचा तंबोरा फारच सुरेख वाजतोय, कुठलं ॲप आहे?

मी स्क्रीनशॉट काढला आणि वडिलांना पाठवला.