माईंचं यलोस्टोन, अहो, ऐकलंत का?

अहो, जरा इकडे या, कुंपणाच्या या टोकाला. मोठ्यानं बोलायची सोय नाही, माईंच्या स्वयंपाकघराची खिडकी उघडी आहे. परवाच्या हळदीकुंकवाला तुम्ही लवकर निघालात ना, तिथेच चुकलंत बघा! तुमची पाठ फिरते न फिरते तोच विहीणबाई आल्या. डोंबिवलीच्या हो, धाकट्याच्या सासूबाई.

माईंच्या फ्रीजवर तो मॅग्नेट आहे ना, गरम पाण्याच्या फवाऱ्याचा, ओल्ड फेथफुल लिहिलेला? तर कुणीतरी विचारलं, माई, ते पाणी खरंच ठरल्या वेळेला उडतं का हो? माई सांगायला सरसावल्या, तेवढ्यात विहीणबाई लाडू मोडत म्हणतात कशा, "अहो पण माई, आपण यलोस्टोन पाहिलंच कुठे?"

काय सांगू तुम्हाला! माईंच्या हातातली अत्तरदाणी जागच्या जागी. बाहेरच्या खोलीत अण्णा पेपर वाचत होते, त्यांनी तो आणखी वर धरला. म्हणजे त्यांना ऐकू गेलं होतं, हं.

आता २०२२चा जून तुम्हाला आठवतोयच. धाकट्यानं सॉल्ट लेक सिटीहून आरव्ही भाड्यानं घेतली म्हणून कॉलनीभर काय कौतुक चाललं होतं! गाडीतच बेड, गाडीतच गॅस, गाडीतच… ते सगळं. त्यात पार्कला दीडशे वर्षं झालेली, १८७२चं ना ते, म्हणून यंदाच जायचं असा मुलाचा हट्ट. हे दोघं, मुलगा, सून, नातू आणि विहीणबाई, अशी सहा माणसं एका गाडीत. मागचा बेड माई-अण्णांना. ड्रायव्हरच्या डोक्यावरचा माळा नातवानं पटकावला. आणि विहीणबाईंना? जेवायचं टेबल खाली पाडून त्याचा बेड करायचा, तो. "मला काय हो, कुठेही चालतं," म्हणाल्या त्या. पण परवा हे सांगताना माईंकडे टाकलेली नजर तुम्ही पाहायला हवी होती.

तर काय सांगत होते… हां. १३ जून. हे आयडाहो फॉल्सपर्यंत पोचलेले, दोनशेच्या वर मैल झालेले, आणि पेट्रोल पंपावर सूनबाईंच्या फोनवर आलं की यलोस्टोन बंद! एखादा रस्ता नव्हे, पाचही दरवाजे. डोंगरावरचा बर्फ वितळत होता, त्यावर धो धो पाऊस. पार्कच्या नोकरांचं अख्खं घर नदीत वाहून गेलं, तो व्हिडिओ आपल्या ग्रुपवरही फिरला होता की. दहा हजारांवर माणसं बाहेर काढली म्हणे. अण्णा आयुष्यभर धरणं-कालवे केलेला माणूस, ते लगेच म्हणाले, बर्फावर पाऊस पडला की असंच व्हायचं, मी आधीच सांगणार होतो. "मग सांगितलं का नाहीत?" इति माई. मॅग्नेट त्याच पंपावर घेतला, बरं का. विहीणबाईंच्या देखत.

मग काय, तोंड दक्षिणेला. आय-फिफ्टीनचा तोच रस्ता उलटा धरायचा आणि युटामध्येच खाली ब्राइस, मग झायन. त्या आठवड्यात तिकडे पेट्रोल गॅलनला पाच डॉलरवर गेलं होतं, आणि ही गाडी गॅलनला नऊ मैल जेमतेम. अण्णा पुढे बसून हिशोब करायचे, मैलाला चाळीस रुपये, चाळीस रुपये… शेवटी मुलगा म्हणाला, बाबा, तुम्ही मागे बसा.

ब्राइस मात्र माईंना खरंच आवडलं. लाल-केशरी दगडांचे सुळके, हजारोंनी. आठ हजार फुटांवर आहे ते, जूनमध्येही रात्री स्वेटर लागतो. तिथे माईंनी वरणाला डाळ टाकली. कुकर नाही, साध्या पातेल्यात. उंचावर पाणी लवकर उकळतं, पण म्हणून डाळ लवकर शिजते थोडीच? उलट शिजेच ना! तास झाला, दीड तास झाला. विहीणबाई म्हणाल्या, आम्ही आधी भिजत घालतो. झालं! माईंनी रागारागात फोडणी केली ती अशी, की गाडीतला धुराचा अलार्म कोकलायला लागला आणि शेजारच्या गाडीतले गोरे आजोबा अग्निशामक घेऊन दारात. त्यांना मग भाजणीचं थालीपीठ खिलवलं. चार खाल्ली त्यांनी.

झायनला जायचा तो बोगदा, १९३०चा. सव्वा मैलाहून थोडा कमीच, पण कमान अशी की मोठी गाडी मधोमधच चालवावी लागायची. म्हणून तेव्हा पंधरा डॉलर जास्तीचे भरले की रेंजर समोरची वाहतूक थांबवून धरायचा. माई हे कसं सांगतात ठाऊक आहे ना तुम्हाला? मंत्र्याचा ताफा जावा तसे गेलो म्हणून! पंधरा डॉलरचं त्यांनी कधी सांगितलं नव्हतं.

आणि त्या रात्री कुठे झोपले असतील? बुकिंग नाही, ऐन जून, सगळे कॅम्पग्राउंड फुल्ल. एका दुकानाच्या पार्किंगमध्ये! परवानगी असते हो तिकडे. पण माईंनी "रिसॉर्ट" म्हणून फोटो पाठवला होता, आठवतंय? मागे ट्रॉल्यांची रांग दिसतेय, मी तेव्हाच ह्यांना म्हटलं होतं.

बरं, खरी गोष्ट तर पुढेच आहे. जवळ या. अशा गाडीला खाली दोन टाक्या असतात. एक भांडी-आंघोळीच्या पाण्याची, आणि दुसरी… दुसरी. ती पाइप लावून आपणच रिकामी करायची. मुलगा हातमोजे घालून वाकलाय आणि अण्णा त्याला उभ्यानं शिकवतायत. "उतार कमी पडतोय, असा प्रवाह मिळणार नाही." असं म्हणून त्यांनी स्वतःच पाइप उचलला. जोड सुटला! अण्णांचे पांढरेशुभ्र नवे बूट, परदेशातले… विहीणबाई खिडकीतून बघत होत्या. बूट तिथेच कचऱ्यात गेले. अण्णा झायनभर नातवाच्या निळ्या स्लिपरांत हिंडले, टाचा बाहेर. म्हणून हो, म्हणून त्या सहलीत अण्णांचा पायापर्यंतचा एकही फोटो नाही!

शेवटी गंमत काय, तर २२ जूनला यलोस्टोनचा दक्षिणेकडचा भाग उघडला. ओल्ड फेथफुल त्यातच. सगळ्यांचे चेहरे खुलले. पण नियम असा की सम तारखेला सम नंबराच्या गाड्या, विषमला विषम. दिल्लीत केलं होतं ना, तसंच. यांच्या गाडीचा शेवटचा आकडा सात, आणि गाडी परत द्यायची तेवीसच्या सकाळी. नातू रडला म्हणे. माईही रडल्या, असं विहीणबाईंचं म्हणणं. माई म्हणतात, धूळ गेली डोळ्यात.

परवा मात्र माई सावरल्या हं पटकन. "मी कधी म्हटलं पाहिलं म्हणून? निघालो होतो म्हटलं." आणि विहीणबाईंच्या ताटलीत दुसरा लाडू वाढला, मोठा बघून.

येत्या शनिवारी त्यांच्याकडे सत्यनारायण आहे, विहीणबाई अजून इथेच आहेत. बोगद्याचं खुशाल विचारा, माई रंगवून सांगतील. टाकीचं तेवढं अण्णांसमोर काढू नका.