कंसातलं वय

माणसाचं वय जन्मतारखेवरून ठरतं, असं आपल्यासारख्या भाबड्यांना वाटतं. व्हिडिओ गेमच्या धंद्यात ते जाहिरात विभागात ठरतं आणि गरजेप्रमाणे बदलूनही मिळतं.

१९८३मध्ये अमेरिकेत व्हिडिओ गेमचा बाजार असा झोपला, की दुकानदार त्या मालाचं नाव काढू देईनात. दोन वर्षांनी निन्टेन्डो कंपनी तिथे उतरली, ती सोबत प्लास्टिकचा रोबो घेऊन. गेममध्ये त्याला फारसं काम नव्हतं. आम्ही खेळणी विकतो, हे दुकानदाराच्या गळी उतरवणं एवढीच त्याची नोकरी. उतरलंही. पण खेळण्यांच्या दुकानात मुलग्यांचे रॅक वेगळे, मुलींचे वेगळे. रोबो गेला मुलग्यांकडे आणि धंदाही त्याच्या मागोमाग. १९८९मध्ये हातात मावणारा गेम आला, त्याचं तर नावच ‘गेम बॉय’! मग वर्षानुवर्षं विद्वान मंडळी गंभीर चेहऱ्याने विचारत राहिली, की मुलींना गेम का बरं आवडत नसावेत? (बायकांनीही गेमच्या अड्ड्यावर यावं म्हणून जपानच्या तोरू इवातानी यांनी गोळीबार टाळून, नुसता खात सुटणारा पॅक-मॅन १९८०मध्येच काढला होता, आणि बायका आल्याही होत्या. पण असल्या अडचणीच्या आठवणी कोण काढतो?)

मुलगे वयात आले, तशी प्रतिस्पर्धी कंपनी सेगा त्यांच्या कानाला लागली: निन्टेन्डो काय, पोराटोरांचं काम. सोनी तर ब्रिटनमध्ये प्लेस्टेशन घेऊन थेट नाइटक्लबात शिरली.

दरम्यान गेममधला रक्तपात पाहून अमेरिकन सिनेटर खवळले, म्हणून १९९४पासून डब्यांवर वयाचे शिक्के आले. ‘एम’ म्हणजे सतरा वर्षं आणि पुढे. कंपन्यांनी शिक्का आनंदाने मारला. २०००मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने कंपन्यांचीच कागदपत्रं उघडली, तेव्हा त्या आनंदाचं कारण कळलं. हिंसेपायी ‘एम’ मिळालेल्या ११८ गेमपैकी ८३ गेमची जाहिरात सतराच्या आतल्या पोरांवर रोखलेली. एका योजनेत तर गिऱ्हाईक म्हणून लिहिलं होतं: ‘एम’ शिक्क्यामुळे १७ ते ३४ वयाचे पुरुष, आणि पुढे कंसात, खरं लक्ष्य १२ ते ३४. काय हा प्रामाणिकपणा! आपल्याकडे स्थळ सुचवताना वय चोरतात, पण चोरलेलं वय कंसात नोंदवून ठेवण्याची शिस्त आपल्यात नाही. याच कमिशनने १३ ते १६ वयाची पोरं एकटी दुकानात धाडून पाहिली. शंभरातल्या पंच्याऐंशी वेळा गेम मिळाला. शिक्का डब्यावर ठळक होताच, तो वाचायला दुकानदाराला सवड झाली नसावी.

पोरं झाली, तरुण झाले. उरले आजोबा. २००५मध्ये निन्टेन्डोने जपानात तोहोकू विद्यापीठातल्या प्राध्यापक र्‍युता कावाशिमा यांच्या नावाने मेंदूच्या व्यायामाचा गेम काढला. हातातलं गेमचं यंत्र पुस्तकासारखं उभं धरायचं, सोप्या बेरजा-वजाबाक्या भराभर करायच्या, मोठ्याने वाचायचं. मग गेम तुमच्या मेंदूचं वय जाहीर करणार. वीस आलं तर उत्तम. ऐंशी आलं तर घरच्यांना न सांगितलेलं बरं. चाळिशीतल्या धडधाकट माणसाला एका बैठकीत ऐंशीचा करून सोडणारा माल याआधी कुणी विकला नव्हता. वय उतरवायचा उपायही त्याच डबीत: रोज खेळा.

एक कोटीहून जास्त प्रती खपल्या.