मल्टिकोर चिपचा कोड तपासा: नवशिक्यांसाठी नऊ पायऱ्या

अभिनंदन! चार कोरच्या नव्या प्रोसेसरचा व्हेरिलॉग भाषेतला कोड तपासायला तुमचं नाव लागलं आहे. कंपनी बंगळुरूची, तुम्ही बडनेऱ्याच्या नव्या वस्तीत, आणि टेपआउट शुक्रवारी. म्हणजे शुक्रवारी आराखडा कारखान्याकडे जाणार आणि नंतर त्यातली एक तारही हलवता येणार नाही. घाबरू नका. गावात १९८३पासून इंजिनिअरिंग कॉलेज आहे, पानठेल्यावर सल्ला द्यायला माणसं कमी नाहीत. तरी आमचाच ऐका. चिप चालो न चालो, बोट तुमच्याकडे वळणार नाही.

१. फाइल निवडा. घड्याळाचा काउंटर, एलईडीचा कोड, कॉपीराइटची ओळ ही तुमची. कॅश कंट्रोलरसमोर लिहा, ‘सिनियर पाहतील.’ सिनियर तुमच्या नावावर विसंबून आहेत, याची त्यांना आठवण करून देऊ नका.

२. रिकाम्या जागा मोजा. टॅब की स्पेस, यावर निदान अर्धा दिवस घालवा. या विषयात अजून कोणी चूक ठरलेलं नाही.

३. = आणि <= पाहा. क्लॉकच्या ठोक्यावर चालणाऱ्या ब्लॉकमध्ये <= हवं. तिथे नुसतं = पडलं, तर दोन ब्लॉकांपैकी आधी कोणता चालेल हे सिम्युलेटरच्या मर्जीवर; सिम्युलेशन एक सांगतं आणि सिलिकॉन दुसरंच करतं. तुम्ही एवढंच पाहा, की सगळी <= एका रेषेत आली आहेत. आली नसतील तर कडक शब्दांत कळवा.

४. लिंटला शांत करा. इफ आहे पण एल्स नाही, अशा कॉम्बिनेशनल ब्लॉकमध्ये सिंथेसिसचं टूल न सांगता लॅच बसवतं, आणि कोडमधल्या संशयास्पद जागा दाखवणारं लिंट बिचारं ओरडतं. त्या इशाऱ्याला वेव्हर, म्हणजे लेखी माफी, लावा. कारणाच्या रकान्यात लिहा, ‘मागच्या चिपमध्येही होतं.’ मागच्या चिपचं काय झालं, तो रकाना नसतो.

५. दोन क्लॉकच्या सीमेवर थांबू नका. एका क्लॉकचा सिग्नल दुसऱ्यात नेताना मध्ये दोन फ्लिप-फ्लॉप लागतात. नाहीतर तो शून्य आणि एकच्या अधेमधे लोंबकळतो. साध्या सिम्युलेशनमध्ये हे दिसत नाही. दिसत नाही ते नाही, असं समजा. झोप चांगली लागते.

६. आर्बिटरला पास करा. चारही कोरांनी एकाच वेळी मेमरी मागितली, तर आधी कोणाला द्यायची, हे तो ठरवतो. बडनेरा जंक्शनात मेन लाइनच्या एक्स्प्रेसच सोडत राहिलं, तर अमरावतीच्या गाडीनं निघायचं कधी? नेमका हाच प्रश्न चौथ्या कोरचा. पण चाचणीत एकच कोर चालू होता आणि त्याची काहीच तक्रार नव्हती.

७. कोहिरन्सवर, म्हणजे सगळ्या कोरांच्या कॅश एकमेकींशी जुळत्या ठेवण्यावर, मान डोलवा. मॉडिफाइड, एक्सक्लुझिव्ह, शेअर्ड, इनव्हॅलिड अशी चार वर्तुळं फळ्यावर काढली, की मीटिंग प्रसन्न होते. एका कोरची मागणी अर्ध्यात असताना दुसऱ्यानं तीच ओळ रद्द केली तर काय, असल्या मधल्या अवस्था विचारू नका. जेवणाची वेळ टळते. एएमडीची चार कोरची बार्सिलोना २००७मध्ये टीएलबी आणि कॅशच्या अशाच दुर्मिळ गाठीत अडकली. बायोसमधला उपाय केला तर वेग उतरे. खरी दुरुस्ती सिलिकॉन बदलून २००८मध्ये आली.

८. मोठी नावं घ्या. पुण्यात मुख्यालय असलेल्या सीडॅकची वेगा मालिका, आयआयटी मुंबईचा ‘अजित’, सन कंपनीनं २००६मध्ये खुला केलेला आठ कोरचा ओपनस्पार्क टी१. या शेवटच्याचं व्हेरिलॉग उघडून वाचता येतं, पण तसं सुचवू नका. कोणी तुम्हालाच वाचायला सांगेल. पेंटियमचा उल्लेख मात्र टाळा. भागाकाराच्या तक्त्यातल्या मोजक्या नोंदी राहून गेल्याचं १९९४मध्ये उघड झालं आणि इंटेलला ४७.५ कोटी डॉलरचा फटका बसला. त्या चिपला कोर एकच होता. उगाच कोणी चारानं गुणेल.

९. अप्रूव्ह दाबा. तुमच्याबरोबर दुसरा तपासनीस अकोल्याचा असेल, तर आधी फोन करा.

‘तुयं पाहून झालं काय बे?’

‘तू पायशीन म्हनून म्या सोडलं.’

अशी खात्री पटली, की दोघांनी एकाच मिनिटाला बटण दाबा. दोन सह्या असलेल्या कोडवर तिसरा शंका घेत नाही.

काही महिन्यांनी चिप बनून येईल. चौथा कोर जागचा हलला नाही, तर मीटिंगमध्ये सगळ्यांच्या आधी, आवाज चढवून विचारा, ‘हे रिव्ह्यूमध्ये कोणाच्याच लक्षात कसं आलं नाही?’ पहिल्यांदा विचारणाऱ्याला चौकशी समितीचा अध्यक्ष करतात.