करपलेला घाणा आणि चार एक्के

काकूंच्या भाच्यावर बालंट आल्याची बातमी आमच्या गल्लीत दुधाच्या पिशव्यांच्या आधी पोचली होती. तपशील मात्र काकूंनी स्वतः सांगितला, कंपाउंडच्या भिंतीवर कोपर टेकून. बुलडाण्यात त्यांची उभी हयात गेली, पण बोलणं अजून माहेरचं, खामगावकडचंच.

"मॅडम, आयका तं खरं. रातपाळीत कोणतरी मशीनचा आकडा वाढवला, सरकीचा अख्खा घाणा करपला, आन् मालकानं सकाळी आमच्या पोट्ट्याले धरलं. हा तं त्या राती घरी झोपेल होता!"

"मग त्याचंच नाव कसं आलं?"

"थेच तं! मशीनमंदी नोंद हाय म्हने, 'ऑपरेटर'नं आकडा बदलला. आता पगारपत्रकावर ऑपरेटर म्हनून ह्याचंच नाव."

पलीकडच्या घरचे काका वीज मंडळातून निवृत्त झालेले. ते कुंड्यांना पाणी घालत होते, पण कान इकडे. नळी खाली टाकून ते भिंतीशी आलेच.

"वहिनी, त्या पडद्यावर तिन्ही पाळ्यांची माणसं एकाच नावानं आत जात असतील. मशीनला काय, कुणीही बोट लावलं तरी ते ऑपरेटरच."

मला यातलं ओ की ठो कळत नव्हतं. काकांनी समजावलं. लोखंडी कपाट असतं, ते पॅनल. त्यात पीएलसी नावाचा छोटा संगणक. पंप कधी सुरू करायचा, वाफ किती सोडायची, मोटर कधी थांबवायची, हे तो बघतो. बाहेरच्या पडद्याला एचएमआय म्हणतात, आकडे तिथे बदलायचे. तेलगिरणी असो, साखर कारखाना असो की नगरपालिकेचं जलशुद्धीकरण केंद्र, कपाट सगळीकडे तेच.

"मग त्याला पासवर्ड नसतो?"

"हाय ना," काकू म्हणाल्या. "चार एक्के. कपाटाच्या दारावर मार्करनं लिवेल हाय. राती डोये जड झाले तरी दिसलं पाह्यजे म्हनून."

मी हसले. काका हसले नाहीत.

"मॅडम, अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात अलिक्विपा म्हणून गाव आहे. 25 नोव्हेंबर 2023 ला तिथल्या पाण्याच्या एका पंपिंग स्टेशनात पीएलसीच्या पडद्यावर अचानक धमकी झळकली. यंत्र युनिट्रॉनिक्स या इस्रायली कंपनीचं, घुसणारे इराणकडचे. तिथल्या सरकारी सायबर संस्थेनं सांगितलं की ही यंत्रं थेट इंटरनेटवर उघडी होती आणि बहुधा कंपनीतून आलेला पासवर्ड कुणी बदललाच नव्हता. तो कोणता असेल?"

"चार एक्के?" काकूंनी तोंडावर हात ठेवला. "मंग पानी नासलं का लोकायचं?"

"नाही. माणसांनी यंत्र बंद केलं आणि पंप हातानं चालवले. हातानं चालवणारे होते म्हणून निभावलं."

मी शिक्षिकी बाण्यानं विचारलं, की बदलायला काय जातं? वर्गातल्या पोरांना आम्ही मोबाइलचे पासवर्ड बदलायला लावतो.

यावर काका चक्क कारखान्याच्या बाजूनं बोलले. बँकेचा पासवर्ड विसरला तर बँक उद्या नवा देईल. इथे रात्री दोनला वाफेचा दाब चढतोय, पडदा पासवर्ड मागतोय, आणि तीनदा चुकला की दार लावून बसतोय. त्या वेळी साहेबाला उठवायचं की मशीन बंद करायचं? म्हणून ऑपरेटर दारावर लिहून ठेवतो, आणि त्यात तो मूर्ख नसतो. "आणि कंपन्या तरी कुठे शहाण्या? 2010 मध्ये स्टक्सनेट विषाणू निघाला. सीमेन्सच्या विनसीसी या सॉफ्टवेअरमध्ये एक पासवर्ड कंपनीनंच पक्का बसवलेला होता, आणि तो आधीच जगजाहीर झाला होता. विषाणू मोकाट फिरतोय आणि कंपनी गिऱ्हाइकांना सांगतेय, पासवर्ड बदलू नका, कारखान्याचं काम अडेल!"

"माय वं! चाबी गावभर, आन् कुलूप बदलाले मनाई," काकू म्हणाल्या.

"आमच्या पोट्ट्यानं बदलला होता जी एक डाव," काकूंना आठवलं. "तं मशीन बसवणारा इंजिनिअर पुन्याहून फोनवर बोंबलला. त्याले घरी बसून मशीन दिसे ना. झाले, पुन्हा चार एक्के."

काका ताठ झाले. "घरी बसून? म्हणजे कपाटात सिमकार्डवाला मोडेम आहे?"

"असंन. हिरवा दिवा लुकलुकते म्हने."

"मग खरी भानगड तिथे आहे! दारावर लिहिलेला पासवर्ड गिरणीच्या फाटकाच्या आत आला त्यालाच दिसेल. मोडेम चोवीस तास चालू ठेवलात तर तेच कपाट जगाच्या रस्त्यावर येऊन उभं राहतं. आणि तो इंजिनिअर उद्या भांडून नोकरी सोडून गेला तर? ऑस्ट्रेलियात 2000 साली मरूची शायर भागात असंच झालं. यंत्रणा बसवणाऱ्या कंपनीतून बाहेर पडलेला माणूस, पालिकेनंही नोकरी नाकारलेली. त्यानं रेडिओवरून आज्ञा पाठवून मैलापाण्याचे पंप बिघडवले. आठ लाख लिटर घाण बागांत, नाल्यांत आणि एका हॉटेलच्या आवारात. दोन वर्षं तुरुंगात गेला."

काकूंनी हॉटेलातल्या पाहुण्यांची चौकशी केली. ती माहिती काकांकडे नव्हती, त्यामुळे काकू जराशा हिरमुसल्या.

मला मुंबईची आठवण झाली. 12 ऑक्टोबर 2020, सकाळी वीज गेली आणि लोकल जागच्या जागी थांबल्या. माझी बहीण तेव्हा तिकडेच होती. पुढे 2021 च्या मार्चमध्ये तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख म्हणाले की राज्याच्या सायबर विभागाच्या प्राथमिक अहवालानुसार वीज मंडळाच्या सर्व्हरमध्ये 14 ट्रोजन, म्हणजे छुपे घातक प्रोग्राम, घुसवले गेले असावेत. तेव्हाचे केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह यांनी ते मानलं नाही, माणसाची चूक म्हणाले.

"काका, तुम्ही तर मंडळातले. खरं काय?"

"मी त्यात पडत नाही," काका नळी उचलत म्हणाले. पण पडल्याशिवाय राहवेना. "मोठ्या यंत्रणेत एक लाइन गेली की भार दुसऱ्या लाइनींवर पडतो, आणि पुढचं सगळं भराभर होतं. मागून शोधायला बसलं की पहिला प्रश्न एकच, कुणी कोणत्या नावानं आत जाऊन काय केलं. तुमच्या भाच्याचं झालंय ना, तेच. त्याला सांगा, मालकाकडे दोनच गोष्टी मागायच्या. प्रत्येकाला वेगळं नाव आणि वेगळा नंबर. आणि मोडेमचा स्विच बाहेर. पुण्याच्या साहेबाला काम असेल तेव्हा फोन करून चालू करायचा, काम संपलं की बंद."

"मालक म्हनंन, पैसे कोन देते?"

"स्विचला कसले पैसे! करपलेल्या घाण्याचे मोजले का त्यानं?"

हे काकूंना पटलं. मग त्यांनी गाडी आपल्या घराकडे वळवली. येळगाव धरणाचंही असं कोणी इंटरनेटवरून काही करील काय, पाणी तर आपल्या तोंडचं!

"धरणाच्या दारांची काळजी नको," काका म्हणाले. "ते गोडबोले गेट आहेत. पैनगंगेचं पाणी ठरलेल्या पातळीला चढलं की पाण्याच्याच दाबानं उघडतात. वीज नाही, संगणक नाही, पासवर्ड नाही. पुढच्या पंपांचं नि शुद्धीकरणाचं मात्र विचारायला हवं."

"धरणाचं दार आपोआप उघडते," काकू म्हणाल्या, "मंग आपल्या गल्लीचा वॉल काऊन उघडत नाही जी? आज कितवा दिवस हाय?"

"तो वॉल्व्हमनच्या हातात आहे, वहिनी."

"त्याचा पासवर्ड मले ठाऊक हाय," असं म्हणून काकू चहा टाकायला आत गेल्या.