शांघायचे वतनदार

ज्या देशात शहरातली सारी जमीन सरकारच्या मालकीची आणि परक्या नोकरदाराच्या पदरी रहिवासाचा परवाना बहुधा वर्षावर्षाच्या मुदतीने पडायचा, त्या देशात कोणी परका मनुष्य वतनदार होऊन बसेल ही कल्पना कायदेपंडितास हास्यास्पद वाटेल. परंतु शांघायमधल्या मराठी मंडळींकडे दिवाळीच्या फराळाला जो एकदा जाऊन आला, त्याने हा चमत्कार सदेह पाहिलेला असतो. हा गृहस्थ पन्नाशीच्या आसपासचा, सुजौकडच्या कारखान्यांतून पुण्याच्या एखाद्या कंपनीसाठी यंत्रांचे सुटे भाग तपासून घेणारा, देहाने स्थूल आणि मतांनी त्याहून भरीव असा असतो; आणि त्याच्या वतनाची एकमेव सनद म्हणजे त्याच्या आगमनाचे साल.

“कधी आलात तुम्ही?” हा त्याचा पहिला प्रश्न जिज्ञासेपोटी नसून समोरच्याची पायरी ठरवण्यासाठी असतो. उत्तर काहीही आले, तरी “म्हणजे तुम्हाला सगळं आयतंच मिळालं म्हणायचं!” हा निकाल कायम. त्याची कालगणना स्वतंत्र आहे. नकली घड्याळांसाठी आणि पिशव्यांसाठी विख्यात असलेला शियांगयांग रस्त्यावरचा बाजार २००६ साली उठला, तिथे त्याचे सत्ययुग संपले; २०१० च्या जागतिक प्रदर्शनाने शहराला नवे रूप दिले, तिथे त्रेता सरले; आणि २०११ साली वीचॅट अवतरल्यापासून जे चालले आहे ते शुद्ध कलियुग. खरा चीन आपण येण्यापूर्वी नुकताच आटोपला, अशी रुखरुख प्रत्येक नवागताच्या मनाला लावून देणे, हे तो आपले सामाजिक कर्तव्य समजतो.

नवे कुटुंब उतरले की वतनदार दप्तर काखोटीला मारून हजर होतो. हॉटेल सोडून खाजगी घरात उतरलेल्या परक्या माणसाने चोवीस तासांच्या आत पोलिसांकडे आपली नोंद करावी, असा तिथला कायदा असल्यामुळे, पारपत्राच्या नकला, भाडेकरार, मालकाचा दाखला आणि लाल शिक्क्यांच्या जुन्या पावत्या यांचे ते बाड घेऊन, वाटेत शिक्क्याच्या माहात्म्यावर प्रवचन करीत, तो नवागताला चौकीवर नेतो. आणि तिथला पोरसवदा अंमलदार दप्तराकडे ढुंकूनही न पाहता, हे काम आता मोबाइलवरून घरबसल्या होते, असे खुणेने दाखवतो. वतनदार डगमगत नाही. “पूर्वी अर्धा दिवस जायचा,” असे तो अशा काही आवाजात सांगतो की तो अर्धा दिवस आपल्याकडून कोणी लुबाडून नेला आहे असे वाटावे. भाजीबाजारातही तेच. घासाघीस करता करता रुसल्यासारखे चार पावले निघून जाण्याची आणि मागून हाक येईपर्यंत कानोसा घेण्याची त्याची विद्या एके काळी सिद्ध होती. आता भाजीवाली म्हातारी हाक मारत नाही, वांग्यांवर टांगलेल्या चौकोनी ठिपक्यांच्या पुठ्ठ्याकडे बोट दाखवते, आणि माओंच्या छबीची त्याची शंभराची कोरी नोट सुट्ट्यांअभावी जशीच्या तशी परत येते.

कचेरीत मात्र त्याचे हाल खरे आहेत. चीनचे घड्याळ आपल्याहून अडीच तास पुढे असल्याने पुण्यातल्या साहेबाला संध्याकाळी सहाला सुचलेली बैठक याच्या ताटावर साडेआठला येऊन आदळते. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात राष्ट्रीय दिनाची सलग सुट्टी मिळते खरी, परंतु तिच्यातले काही दिवस आधीच्या वा नंतरच्या शनिवार-रविवारी काम करून सरकारास फेडावे लागतात. हा जमाखर्च पुण्यास आजतागायत समजलेला नाही. परिणामी चीनच्या हिशेबाने तो रविवारी राबतो, पुण्याच्या हिशेबाने सुट्टीत राबतो, आणि दिवाळी दोन्ही हिशेबांत बसत नसल्यामुळे लक्ष्मीपूजनाच्या दिवशी एखाद्या गिअरचे दात मोजत असतो.

कारखानदाराच्या मेजवानीत त्याचे खरे कसब दिसते. तिथे “गानबेई” म्हटले की पेला तळापर्यंत रिता करावा लागतो, आणि पेल्यात त्रेपन्न टक्क्यांची माओताय असते. पाच-सहा यजमान एकामागून एक उठू लागले की वतनदार गंभीर होऊन उभा राहतो आणि डॉ. कोटणीसांचे नाव घेतो. सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली युद्धातल्या जखमींच्या शुश्रूषेसाठी चीनला गेले आणि १९४२ साली तिथेच त्यांनी देह ठेवला, हे तिथल्या जुन्या पिढीला अजून ठाऊक असल्याने सारे मेज आदराने उभे राहते. आणि आपले आजोळ सोलापूरचे, एवढ्या भांडवलावर वतनदार त्या आदराच्या गडबडीत आपला पेला चहाच्या कपात रिकामा करतो.

चीनचे ज्ञान त्या घरात नाही असे नाही. ते सौभाग्यवतींकडे आहे, फक्त त्या त्याचे प्रदर्शन मांडत नाहीत. ह्वाय नदीच्या उत्तरेस सरकार नळांतून घरे तापवते आणि दक्षिणेस तापवत नाही, हे राजकारण यजमान दिवाणखान्यात कुडकुडत पाहुण्यांना उलगडून सांगत असताना, घरकामाच्या आयीने नेमून दिलेले कढत पाणी घोटाघोटाने पीत, आयीकडूनच उचललेल्या शांघायी बोलीत त्या भाजीवाल्याची फोनवर हजेरी घेत असतात. मुलगा तर बापाच्या चिनी उच्चारांचे चढउतार पाहुण्यांदेखत दुरुस्त करतो. त्यावर “आमच्या वेळी असंच बोलत असत,” हे उत्तर ठरलेले.

कधीतरी परवान्याचे नूतनीकरण कंपनीला परवडेनासे होते. निरोपाच्या जेवणात नळदुरुस्तीवाल्याचा नंबर, भात शिजवण्याचे यंत्र आणि ज्येष्ठत्व ही तीनही दोन वर्षे मुरलेल्या एका कनिष्ठाच्या हाती रीतसर सोपवली जातात. लोक हळहळतात, पण हळहळण्याचे कारण नाही. शांघायमध्ये त्याचे ज्ञान दर सहा महिन्यांनी बेदखल होत होते. म्हातारी, अंमलदार, स्वतःचा मुलगा, कोणीही उठून ते खोटे पाडत असे. आता कोथरूडच्या कट्ट्यावर तो चीनविषयी जे बोलेल ते अखेरचे, आणि त्याच्या त्या चीनमध्ये यापुढे काही फेरफार करण्याचा अधिकार प्रत्यक्ष चिनी सरकारालाही उरलेला नाही.