उग्ररथ

साठीच्या शांतीला उग्ररथ शांत म्हणतात, हे गुरुजींनी सांगितलं आणि तिथेच घोटाळा झाला. उग्ररथ! मी मनातल्या मनात पाठीवर भाता बांधला. मग कळलं की या उग्र प्रकारात मी पाटावर बसायचं, उपरणं पांघरायचं आणि चार जणांनी माझ्या डोक्यावर कलशातलं पाणी ओतायचं. त्यात बायकोने गुरुजींना बजावलं, “पाणी कोमट असू दे हो, यांना लगेच सर्दी होते.” रथ जागेवरच पंक्चर.

तसा मी आधीपासूनच चिडलेला होतो. भाजीवालीने गेल्या वर्षी मला ‘काका’वरून ‘आजोबा’ केलं, तेही कोथिंबिरीची जुडी न वाढवता. इथे कोल्हापुरात केएमटीच्या बसमध्ये माझ्याहून जेमतेम पाच वर्षांनी लहान असलेला माणूस उठून मला जागा देतो. बरं, म्हातारपणाचा काही फायदा म्हणावा तर रेल्वेची ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली आणि एसटीचं अर्धं तिकीट पासष्टीनंतर. म्हातारं म्हणायला सगळे पुढे, पैसे सोडायला कोणी नाही.

म्हणून एका रात्री जेवताना मी जाहीर केलं, “साठीला मी शिकारीला जाणार.”

मुलगा म्हणाला, “बाबा, बॅट चार्जिंगला लावू का?”

आमच्याकडे डास फार आहेत, हे खरं आहे. पण घराण्याचा काही मान असतो. आमच्या माजघरात एक फोटो आहे. आजोबा, म्हणजे आबा, खाकी कोट, डोक्यावर रुमाल, हातात बंदूक, एक पाय वाघाच्या पाठीवर. वाघ डोकं वर करून थेट आपल्याकडे बघतोय. या फोटोवर मी आयुष्य काढलं आहे. मुलगी बघायला गेलो तेव्हा सासऱ्यांना ‘आमच्या घराण्यात वाघ मारलेला आहे’ हे वाक्य मी पोह्यांच्या आधी ऐकवलं होतं. पुढे बँकेत वसुलीला बसलो तेव्हा थकबाकीदारासमोर हळूच विषय वाघावर न्यायचो. वसुली वाढली असं नाही, पण मला बरं वाटायचं.

आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर सशाकडेही वाकड्या नजरेने बघायची सोय नाही, आणि ते योग्यच आहे. उरली आफ्रिका. आफ्रिका आणि कोल्हापूर यांचा संबंध काही आजचा नाही. आमच्या संस्थानाने काळविटांच्या शिकारीसाठी आफ्रिकेतून चित्ते आणवले होते. २०२२ मध्ये नामिबियाचे आठ चित्ते कुनो राष्ट्रीय उद्यानात सोडले, तेही पंतप्रधानांच्या वाढदिवशी. म्हणजे वाढदिवस आणि आफ्रिकेतली जनावरं यांची सांगड मी घातलेली नाही. मी फक्त ती उलट्या दिशेने नेत होतो.

भाचा जोहान्सबर्गला असतो. त्याने दुसऱ्या दिवशी तिथल्या एका शिकारवाल्याचं दरपत्रक पाठवलं. इथे मला थोडं थांबू द्या, कारण इतकं सुंदर वाङ्मय मी बऱ्याच वर्षांत वाचलेलं नाही.

हलवायाच्या दुकानात जसा पेढा, बर्फी, काजूकतली असा फळा असतो, तसा हा कागद. इम्पाला चारशे डॉलर. झेब्रा हजाराच्या वर. कुडू, म्हणजे ज्याची शिंगं बुच काढायच्या मळसूत्रासारखी पिळदार असतात तो, अडीच हजार. जिराफ त्याहून थोडा महाग. इतकं उंच जनावर, आणि उंचीच्या हिशेबाने पाहिलं तर कुडूपेक्षा कितीतरी परवडणारं. फुटामागे दर काढायची सवय बँकेतली, जात नाही. रानम्हैस दहा हजारांच्या पुढे. तळाशी बबून माकड. त्याची किंमत इतकी किरकोळ, की दोन किलो घेतल्यावर वर चार मिरच्या टाकतात तसं ते वाटलं.

पण खरी गंमत बारीक अक्षरांत. तीस वर्षं कर्जाचे कागद वाचल्यामुळे माझी नजर आधी तिथेच जाते. जनावराची किंमत वेगळी आणि दिवसाचं भाडं वेगळं. गोळी लागून जनावर जखमी झालं आणि पळून गेलं, तरी पूर्ण पैसे. रक्ताचा एक थेंब सापडला की तुम्ही ते विकत घेतलं. हे वाचून मी त्या माणसाला मनोमन नमस्कार केला. थेंबावर वसुली! आमच्या वसुली विभागात असा एक गडी असता तर किती शाखा तरल्या असत्या. शिवाय बक्षिसी वेगळी, मुंडकं पेंढा भरून भिंतीवर लावायच्या लायकीचं करायचा खर्च वेगळा. आणि एक रकाना होता ‘निरीक्षक’. शिकार न करता नुसता सोबत येणारा, बघणारा माणूस. बहुधा बायको. त्याचे दिवसाला दीडशे डॉलर.

मी हे बायकोला वाचून दाखवलं. ती शेंगा सोलत होती. म्हणाली, “चौतीस वर्षं मी हे फुकट करतेय.”

आता शिकार कशी करतात तेही त्याच कागदात. पहाटे माग काढणारा स्थानिक माणूस जमिनीवरच्या खुणा वाचत पुढे चालतो. मागे तो व्यावसायिक शिकारी, त्याच्याकडे तुमच्याहून मोठी रायफल. त्याच्या मागे तुम्ही. जनावर दिसलं की तो तुमच्यासमोर तीन काठ्यांची तिवई उभी करतो. तिच्यावर तुमची बंदूक टेकवायची, म्हणजे हात थरथरले तरी चालतं. तो सांगेल तिथे नेम, तो म्हणेल तेव्हा चाप. तुमचा नेम चुकून म्हैस अंगावर आली तर तो मारतो. नंतर कातडी सोलणारे येतात. या सगळ्यात माझं काम काय, हे मी दोनदा वाचलं. बोट वाकवणं आणि पाय ठेवणं.

उदासी घालवायला मी मोठ्या माणसांकडे वळलो. अमेरिकेचे थिओडोर रूझवेल्ट पन्नाशी गाठल्यावर १९०९ मध्ये राष्ट्राध्यक्षपद सोडून तडक पूर्व आफ्रिकेत शिकारीला गेले. बरोबर मुलगा आणि शेकडो हमाल. बापलेकांनी मिळून पाचशेच्या वर जनावरं मारली. त्यांना मी मनात गुरू केलं. दुसरे स्पेनचे तेव्हाचे राजे हुआन कार्लोस, २०१२ मध्ये बोट्स्वानात हत्तीच्या शिकारीला गेले आणि पडून कंबरेचं हाड मोडून परत आले. त्या वेळी वन्यजीव रक्षणासाठी काम करणाऱ्या संस्थेच्या स्पेन शाखेचे ते मानद अध्यक्ष होते. पुढे संस्थेने ते पदच काढून टाकलं. राजांचं वय तेव्हा चौऱ्याहत्तर. ही बातमी मी घरी सांगितली नाही. आमच्याकडे हाड म्हटलं की लगेच कॅल्शियमच्या गोळ्या येतात.

रूझवेल्टबद्दल वाचताना मात्र एक गोष्ट सापडली आणि घशात अडकली. १९०२ मध्ये मिसिसिपीत ते अस्वलाच्या शिकारीला गेले होते. त्यांना काही मिळेना. त्यांचा वाटाड्या होल्ट कोलियर, गुलामगिरीत जन्मलेला काळा माणूस आणि त्या रानातला नावाजलेला शिकारी, त्याने एका अस्वलाला गाठून झाडाला बांधून ठेवलं आणि साहेबांना बोलावलं. बांधलेल्या जनावरावर गोळी झाडायला रूझवेल्टनी नकार दिला. वर्तमानपत्रात व्यंगचित्र आलं, ब्रुकलिनच्या एका दुकानदाराने त्यावरून भुश्याचं अस्वल केलं, आणि आज आमच्या नातीच्या उशाशी आहे तो टेडी. अस्वल शेवटी सुरीने मारावंच लागलं, ते चित्रात नाही. आणि माग काढला, पळवलं, गाठलं, बांधलं त्या माणसाचं नाव खेळण्याला मिळालं नाही. ‘होल्टी’ असं कोणी म्हणत नाही.

मग मी आत्याकडे गेलो, गारगोटीला. ती अठ्ठ्याऐंशीची आहे. म्हटलं, आशीर्वाद घ्यावा आणि आबांचा वाघ नेमका किती पावलांवरून पडला ते विचारून घ्यावं. जोहान्सबर्गच्या फॉर्ममध्ये ‘पूर्वानुभव’ असा रकाना होता. तिथे निदान वंशपरंपरेने काहीतरी लिहिता आलं असतं.

आत्या आधी हसली. बोळक्याने हसली, खूप वेळ. मग म्हणाली, “आबांनी कुठला वाघ मारलाय, बाळू? आबा कारकून होते की रे जंगल खात्यात.”

“मग फोटो?”

“पाहुणा साहेब आलेला. वाघ त्यानं मारला, मचाणावरनं. त्याचे फोटो काढून झाले, एक प्लेट उरली. म्हणाला, बाबू, तू पण उभा राहा. राहिले. पाय ठेव म्हणाला, ठेवला. बंदूकसुद्धा साहेबाचीच.”

मी चहा ढवळत राहिलो. साखर कधीच विरघळली होती.

आबांचं काम होतं हाकाऱ्यांची यादी ठेवणं. आसपासच्या वाड्यांवरची माणसं सकाळी डबे, ढोल, कुऱ्हाडी घेऊन रानात शिरायची आणि आरडाओरडा करत वाघाला मचाणाकडे रेटायची. आबांनी ती आत जाताना मोजायची, बाहेर येताना मोजायची, आणि त्याप्रमाणे मजुरी वाटायची. त्या दिवशी बेचाळीस आत गेले आणि एक्केचाळीस बाहेर आले. बेचाळिसावा ओढ्यात सापडला, मांडी फाटलेली. तिसऱ्या दिवशी गेला. साहेब तोवर परत गेला होता.

“आबा दर दिवाळीला त्याच्या घरी तांदूळ पोचवायचे,” आत्या म्हणाली. “आई चिडायची, आपल्यालाच पुरत नाहीत म्हणून. नाव काय बघ त्याचं... मला नाही आठवत आता. आबांना शेवटपर्यंत आठवायचं. आणि फोटो रे, आबा असेपर्यंत ट्रंकेत होता. तुझ्या बापानं लावला नंतर.”

परतीच्या एसटीत पूर्ण तिकीट काढून मी खिडकीशी बसलो. मला राग आला होता आणि तो कुणावर काढावा हे समजत नव्हतं. आबांवर तर मुळीच नाही. साहेब कोण होता ते ठाऊक नाही. बहुतेक राग स्वतःवरच होता. एका मजुरीच्या यादीवर मी पोहे खाल्ले, बायको मिळवली, थकबाकीदारांना डोळे वटारले. आबांनी जे ट्रंकेत ठेवलं ते आम्ही दोन पिढ्या भिंतीवर मिरवलं.

भाच्याचा मेसेज आला होता. “मामा, झेब्रा की म्हैस? ॲडव्हान्स भरायचाय.” नामिबियात अशा शिकारीच्या पैशावर गावांनी राखलेली रानं चालतात, मांस गावात वाटतात, असंही त्याने लिहिलं होतं. ते खोटं नाही, त्यावर भांडायला मी कोण? मी कळवलं, माझी कंबर दुखतेय. त्याने लगेच कॅल्शियमच्या गोळ्यांचं नाव पाठवलं.

शांत झाली. पाणी कोमट होतं. मुलाने फोटो काढायला घेतला तेव्हा सवयीने माझा एक पाय पुढे गेला, तो पाटापुढे ठेवलेल्या तांदळांवर पडला आणि गुरुजी ओरडले.

रात्री पाहुणे गेल्यावर मी आबांचा फोटो खाली उतरवला. बँकेतून निघताना सह्या पडताळायचं भिंग मी चुकून घरी आणलं होतं, त्याने बघितलं. आबांचा चेहरा इतक्या जवळून मी कधी पाहिला नव्हता. तो शूर वगैरे अजिबात नाही. चप्पल हरवलेल्या माणसासारखा आहे. आणि पन्नास वर्षं मला जो वाघ डोकं वर करून रोखून बघतोय असं वाटत होतं, त्याच्या कानामागे चार बोटं आहेत. मेलेलं डोकं कोणीतरी मागे बसून वर धरलं आहे. माणूस दिसत नाही. मनगटापाशी एक काळा दोरा दिसतो, तेवढाच.

बायको दिवा घालवायला आली होती. बराच वेळ भिंगातून बघत राहिली. “दुखला असेल हात,” म्हणाली. “किती जड असतं डोकं.”

फ्रेमला वाळवी लागली होती, म्हणून दुसऱ्या दिवशी महाद्वार रोडला दिली. दुकानदाराने टेप लावला. म्हणाला, “आजोबा, तयार फ्रेमचं माप थोडं लहान आहे. ही डावीकडची कड अर्धा इंच कापतो, काही बिघडत नाही. वाघ पूर्ण येतो आणि साहेबही.”

मी म्हटलं, वाघ कापला तरी चालेल. तिकडचं काही कापू नकोस.