एकट्यानं हंपीला जाणारा

हंपीला एकट्यानं जायचं म्हणजे आधी दोन महिने ते सगळ्यांना सांगत सुटावं लागतं. आपला सोलोवीर हे काम मनापासून करतो. वय सत्ताविशीच्या आसपास, नोकरी हिंजवडीत, दाढी मुद्दाम वाढू दिलेली. ‘हंपीला चाललोय’ असं तो कधीच म्हणत नाही. ‘सोलो चाललोय’ म्हणतो. कुठे, ते समोरच्यानं विचारायचं असतं.

अपवाद फक्त आईचा. तिला ‘आम्ही चौघं मित्र आहोत’ असं सांगितलेलं असतं. त्यामुळे ती चौघांना पुरतील एवढ्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून देते. तीन दिवसांना साठ लिटरची सॅक कशाला लागते, हे कोडं इथे सुटतं. सॅकला बाहेरून एक स्टीलचा मग लटकवलेला असतो. त्यातून तो चहा पीत नाही, टपरीवर कागदी कप मिळतोच. पण चालताना मग वाजतो आणि लोक वळून बघतात.

रात्रीच्या स्लीपर बसनं तो होसपेटला उतरतो. तिथून हंपी तेराएक किलोमीटर. रिक्षावाल्यांना नकार देत तो सरकारी बसमध्ये चढतो आणि तिकिटाचा फोटो काढतो. हंपीत पाऊल टाकल्यावर अर्ध्या तासात त्याचं मत तयार होतं: ‘पूर्वीची मजा राहिली नाही.’ येतोय पहिल्यांदाच! पण तुंगभद्रेच्या पलीकडे विरूपापूर गड्डे म्हणून बेट होतं, परदेशी पाहुण्यांनी त्याचं ‘हिप्पी आयलंड’ करून टाकलं होतं, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर 2020 मध्ये तिथली गेस्ट हाउसं पाडली गेली, हे सगळं त्यानं वाचलेलं असतं. तेव्हा हा पुण्यात बसून के.टी. सोडवत होता. तरीही त्या बेटाबद्दल तो वडिलोपार्जित जमीन गेल्यासारखा बोलतो.

गाईड तो घेत नाही. गाईड घेतला की माणूस टुरिस्ट होतो. त्यामुळे विरूपाक्षाच्या देवळात मागच्या बाजूच्या अंधाऱ्या खोलीवरून तो सरळ पुढे जातो. त्या खोलीत एका लहानशा फटीतून उजेड येतो आणि समोरच्या भिंतीवर गोपुराची उलटी सावली पडते. कॅमेऱ्याचं अख्खं तत्त्व तिथे भिंतीवर उभं आहे. शाळेच्या सहलीतली पोरं ती सावली बघून ओरडत असतात, आणि आपला वीर बाहेर कोपऱ्यात ‘गर्दी फार आहे’ असं टाइप करत असतो.

पण त्याला खरा बघायचा तो पहाटे, मातंग टेकडीवर. कपाळाला विजेरी बांधून, धापा टाकत, कातळातल्या पायऱ्या चढून तो वर पोचतो. पोचतो तर वीरभद्राच्या देवळाजवळ दहा-पंधरा जण आधीच एकटे बसलेले. कोणी कोणाकडे बघत नाही. खाली अच्युतरायाचं देऊळ हळूहळू दिसू लागतं, केळीच्या बागांवरचं धुकं हलतं, आणि मग अडचण उभी राहते ती फोटोची. एकटेपणाचा फोटो काढायला दुसरा माणूस लागतो. शेवटी तो शेजारच्या बंगळुरूच्या एकट्याच्या हातात फोन देतो, आणि स्वतः पाठमोरा, एक गुडघा वाकवून, क्षितिजाकडे बघत बसतो. खरं तर त्याचं लक्ष क्षितिजावर नसतंच. डावीकडचा तिसरा एकटा चौकटीतून कधी हटतोय, तिकडे असतं. मग अदलाबदल होते. सूर्य बराच वर आलेला असतो.

दुपारी विठ्ठल मंदिर. पन्नासच्या नोटेवर छापलेला दगडी रथ इथलाच. नोट रथासमोर धरून फोटो काढण्याची इथे रीतच पडली आहे. आपल्या माणसाकडे नोट कुठली? सगळे व्यवहार फोनवर. इतक्यात लातूरकडची बस येते. पंढरपूर, गाणगापूर, हंपी, तिरुपती अशी यात्रा, आणि त्यात नऊवारीतल्या आज्या. मराठी ऐकून तो एका आजीकडे नोट मागतो. कनवटीची नोट सोडवता सोडवता आजी विचारते, “एकटाच आलास का रे लेकरा? घरी भांडण झालं का?”

तो समजावतो. कामाचा ताण, स्वतःसाठी वेळ, मनाला मोकळीक. आजी शेवटपर्यंत ऐकून घेते आणि शेजारणीला सांगते, “भांडणच झालंय.”

मग त्या गाभाऱ्याकडे वळतात. गाभारा रिकामा. ‘मूर्तीच नाही, नमस्कार कोणाला?’ हा प्रश्न त्याच्या तोंडून निसटतो. तेव्हा आजी त्याला गोष्ट सांगते, वारकऱ्यांच्या घरोघरी सांगतात ती: कृष्णदेवरायानं पंढरीचा विठोबा इकडे आणला, आणि एकनाथांचे पणजोबा भानुदास यांनी तो परत नेला. “आता पंढरीलाच हाय तो. पर इथं राहून गेला ना? मग पाया पडाया नको?” हे त्याच्या कुठल्याच ‘मस्ट सी’ यादीत नव्हतं. तो चक्क बूट काढतो. आजी म्हणते, “फोटो झाला असंल तर नोट दे.”

संध्याकाळी नदीकाठी त्या दशम्या निघतात. मातंगवरचे सगळे एकटे गोल करून बसतात, चटणी संपते, आणि एक व्हॉट्सॲप ग्रुप निघतो. त्याचं नाव ‘सोलो’. पुढच्या महिन्यात गोकर्ण, अकरा जण.

तेव्हा वाचकहो, हंपीला जाणार असाल तर ऑक्टोबर ते फेब्रुवारीत जा, एरवी तिथला दगड तापतो. आणि खिशात पन्नासच्या दोन नोटा ठेवा, एक तुमच्यासाठी, एक त्याच्यासाठी. फोटो झाला की परत मागून घ्या.